चावण्याआधीची पाच मिनिटं

बीड जिल्ह्यातल्या एका अंगणवाडी सेविकेनं विचारलं आहे: "माझ्याकडं सव्वाचार वर्षांचा एक मुलगा आहे. दिवाळीपर्यंत चांगला होता. आईबाप ऊसतोडीला गेले, हा आजीजवळ राहिला. महिना झाला, ढकलतो, ओरबाडतो, दोन लेकरांना चावलासुद्धा. गावातले म्हणतात कोपऱ्यात उभा करा, मदतनीस म्हणते याला वळणच नाही, आजी म्हणते बापावर गेलाय. लहान लेकरांचं वागणं नेमकं कशानं ठरतं? आणि मी काय करू?"

ताई, तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मी दोनतीनदा वाचलं. 'दिवाळीपर्यंत चांगला होता.' ज्याला वळणच नाही, तो दिवाळीपर्यंत चांगला कसा राहिला? बापावर गेला असता तर श्रावणातही बापावरच गेलेला दिसला असता. लेकरू तेच आहे, त्याच्याभोवतीचं काहीतरी हललंय. एकतीस वर्षं मी या कामात काढली. आधी बालवाडीची बाई, मग बीड आणि लातूर जिल्ह्यांत मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणारी. एवढ्या वर्षांत मला एक सवय लागली. लेकरू कसं आहे हा प्रश्न मी मागं ठेवते. ते चावलं त्याच्या आधीची पाच मिनिटं त्याच्याभोवती काय चाललं होतं, हे आधी विचारते.

तुम्हीही तेच करा, आणि तोंडी नको, लिहून करा. एका जुन्या वहीत तीन रकाने पाडा. पहिल्यात वेळ आणि आधी काय चाललं होतं ते. दुसऱ्यात त्यानं काय केलं, डोळ्यांना दिसलं तसं. 'मस्ती केली', 'त्रास दिला' असलं काही लिहायचं नाही. 'ताट ओढलं, मिळालं नाही, दंडाला चावला' असं लिहायचं. तिसऱ्यात नंतर काय झालं: कोण धावलं, कोण ओरडलं, त्याला शेवटी काय मिळालं. आठ-दहा दिवस एवढंच करा. घाईनं उपाय सुरू करू नका.

बालाघाटच्या डोंगरातल्या एका गावात मी अशीच वही एका सेविकेकडून लिहून घेतली होती. चार वर्षांची मुलगी, तिचेही आईबाप कारखान्यावर. आठ दिवसांत अकरा वेळा मारामारी. आम्ही दोघी सतरंजीवर बसलो आणि नुसत्या वेळा वाचत गेलो. अकरापैकी सात वेळा साडेअकरा ते बारा या अर्ध्या तासात. त्या अर्ध्या तासात काय असायचं? खिचडी शिजत असायची. लेकरांना हात धुवून, ताटं घेऊन रांगेत बसवलेलं असायचं, म्हणजे कुणी इकडंतिकडं जाऊ नये. वास येतोय, ताट रिकामं आहे, हातात दुसरं काही नाही, मांडीला मांडी लागलीय. वीस-पंचवीस मिनिटं! मोठ्या माणसाला लग्नाच्या पंगतीत एवढं ताटकळत बसवलं तर तोही आचाऱ्यावर ओरडतो.

आम्ही एवढंच बदललं की खिचडी उतरल्याशिवाय ताट हातात द्यायचं नाही. तोवर बडबडगीतं, हातवाऱ्यांची गाणी. आणि ताटं वाटायचं काम त्या मुलीकडं. पुढच्या आठवड्यात वहीत त्या वेळेची एकच नोंद होती. मुलगी आठ दिवसांत गुणी झाली असं नाही. आपण तिला जमणार नाही ते तिच्याकडून रोज मागत होतो, ते मागणं थांबलं.

थांबणं ही शिकायची गोष्ट आहे, ताई, आणि ती फार हळू येते. मनात आलं तरी हात आवरणं, आपली पाळी येईपर्यंत कळ काढणं, राग आला तर तो बोलून दाखवणं, हे मेंदूच्या पुढच्या भागाचं काम. तो भाग माणूस पंचविशीला येईपर्यंत पिकत असतो. तीन-चार वर्षांच्या लेकराला 'कळत नाही का तुला?' असं आपण विचारतो, तेव्हा त्याला कळत असतं, जमत नसतं. नियम तोंडपाठ सांगणारं लेकरू पुढच्याच मिनिटाला तो मोडतं. ते खोटं बोलत नसतं.

बाकीच्या चार नोंदी मात्र खिचडीच्या नव्हत्या. त्या सकाळच्या होत्या, अंगणवाडी भरताभरताच्या. मागं-पुढं विचारल्यावर कळलं की फड, म्हणजे ऊसतोड, बंद असला की तिचा बाप रात्री फोन करायचा. फोन झाला की मुलगी झोपायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणालाही ढकलायची. आजी म्हणाली, मग फोनच नको. मी म्हटलं, फोन बंद केला तर ती आईबापाचा आवाजही विसरेल. फोन रात्रीऐवजी जमेल तेव्हा उजेडी, जेवणाआधी करायला सांगितला, आणि फोन झाला की आजीनं तिला मांडीवर घेऊन दहा मिनिटं बसायचं. फोन ठेवला की लगेच 'चल, झोप आता' नाही. एवढ्यावर भागलं.

आता तुमच्या मुलाकडं येते. सगळ्यात आधी आजीला एक विचारा: आईबाप गेले तेव्हा हा जागा होता का? आपल्याकडं टोळी निघते ती बहुतेक रात्री किंवा पहाटे. लेकरू रडेल, मागं लागेल, गाडी खोळंबेल, म्हणून ते झोपेत असतानाच आई निघून जाते. जाताना तिचं काळीज काय होत असेल ते मी पाहिलंय, मी तिला बोल लावत नाही. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरलेला असतो, मागं राहायची सोय नसते. हंगामी वसतिगृह आहे ते शाळेतल्या मुलांसाठी. तीन-चार वर्षांचं लेकरू एक तर फडावर जातं, नाहीतर म्हाताऱ्यापाशी राहतं. पण त्या लेकराच्या बाजूनं बघा. रात्री आईच्या कुशीत डोळा लागला आणि सकाळी कूस रिकामी. असं लेकरू मग झोपेला भितं. दाराकडं कुणी निघालं की त्याच्या पोटात गोळा येतो. तुमच्या वहीत बघा, याचं ढकलणं दाराजवळ होतं का, दुसऱ्याची आई न्यायला येते त्या वेळेला होतं का. माझा अंदाज आहे, निदान काही नोंदी तिथल्या निघतील.

जॉन बोल्बी आणि जेम्स रॉबर्टसन या दोघांनी इंग्लंडमध्ये गेल्या शतकाच्या मध्याला आईपासून दूर राहिलेली लहान मुलं जवळून पाहिली. त्या काळी इस्पितळात आईला फारसं भेटू देत नसत. त्यांना तीन टप्पे दिसले. आधी लेकरू विरोध करतं: रडतं, मारतं, फेकतं. मग खचतं, गप्प होतं. आणि मग अलिप्त होतं. खातं, खेळतं, कुणाकडंही जातं, आई आली तरी तिच्याकडं बघत नाही. तिसऱ्या टप्प्यावरच्या लेकराला परिचारिका म्हणायच्या, आता रुळलं. आपणही हाच शब्द वापरतो.

तुमचा मुलगा चावतोय, म्हणजे तो अजून आईला हाका मारतोय. तो मला कमी घाबरवतो. तुमच्या अंगणवाडीत याच टोळीतल्या घरांतलं आणखी एखादं लेकरू असेल, दिवाळीपासून फार शहाणं झालेलं, कोपऱ्यात बसणारं, काही न मागणारं. त्याची तक्रार कुणी करत नाही, म्हणून त्याच्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत. आज सतरंजीवर नजर फिरवा आणि त्याला शोधा. त्याला मांडीची गरज याच्याइतकीच आहे, कदाचित जास्त.

एक गोष्ट मात्र आजपासून बंद करा, आणि आजीला, शेजाऱ्यांना, मदतनीस ताईंना हात जोडून बंद करायला लावा. 'रडलास तर आई येणार नाही.' 'असा वागलास म्हणून तुझी माय तुला टाकून गेली.' लोक हे सहज बोलून जातात. चार वर्षांच्या लेकराला हे खरं वाटतं, कारण या वयात जगातलं सगळं आपल्यामुळंच घडतं असं त्याला वाटत असतं. मग ते आतून ठरवतं की मी वाईट आहे. 'सुई टोचायला डॉक्टर येईल', 'पोलीस नेईल' हेही त्यातलंच. लसीकरणाच्या दिवशी लेकरं टेबलाखाली का लपतात ते तुम्हाला माहीत आहे. त्याला खरं सांगा, त्याला कळेल असं. 'आई ऊस तोडायला गेलीय. कामाला गेलीय. तुझ्यामुळं गेली नाही. पाडव्याच्या सुमाराला येईल.' पाडवा म्हणजे काय हे त्याला समजत नाही, म्हणून भिंतीवर कागदाची साखळी लावा, आठवड्याला एक कडी काढायची. शेवटची तारीख पक्की सांगू नका, कारण कारखान्याचा पट्टा कधी पडेल, म्हणजे हंगाम कधी संपेल, हे कुणाच्या हातात नसतं. शेवटच्या दोन-तीन कड्या वेगळ्या रंगाच्या करा आणि सांगा, या रंगात कधीतरी येईल.

आता शरीराबद्दल, कारण ते आपण नेहमी विसरतो आणि मीही विसरले होते. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एक मुलगा हाक मारली तरी यायचा नाही, गाणं चालू असताना मधेच उठायचा, दुसऱ्यावर जोरात ओरडायचा. मी त्याला आडमुठा ठरवलं. दोन महिने त्याला माझ्या डाव्या बाजूला वेगळं बसवलं. एक दिवस त्याची बहीण त्याला न्यायला आली आणि सहज म्हणाली, 'बाई, त्याचा कान वाहतोय, त्याला नीट ऐकू येत नाही.' कापूस घातलेला असायचा, केसांत दिसायचा नाही. ज्याला गाणं ऐकूच येत नव्हतं, त्याला मी गाण्यात बसत नाही म्हणून शिक्षा करत होते. ते दोन महिने मी त्याला परत देऊ शकले नाही. तेव्हापासून कोणत्याही लेकराच्या वागण्याबद्दल कुणी काही सांगितलं की मी आधी विचारते: कान, डोळे, पोट, झोप?

सर्दी वारंवार होणाऱ्या लेकराच्या कानात पाणी साचतं आणि महिना-महिना ऐकू कमी येतं, वरून काहीच दिसत नाही. पोटात जंत असले, त्यातही ते बारीक पांढरे, तर रात्री खाजेनं झोप मोडते आणि दिवसा लेकरू चिडचिड करतं. १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला त्याची गोळी चुकवू नका. रक्त कमी असलेलं लेकरू दोन तऱ्हेनं दिसतं, कधी मलूल, कधी किरकिरं, आणि दोन्ही वेळा लक्ष टिकत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर १०० लेकरांपैकी सुमारे ६९ जणांचं रक्त कमी निघालं होतं. तुमच्या सतरंजीवर वीस लेकरं बसत असतील तर हिशेब तुम्हीच करा. लोहाचं औषध घरी बाटलीतच राहतंय का, हे गृहभेटीत बघायला लागतं. त्याचं वजन दिवाळीआधी किती होतं आणि आता किती, हे तर तुमच्याच नोंदीत आहे. ते आजच काढून बघा. आई गेल्यावर घटलं असेल तर त्याचं चिडणं थोडंफार भुकेचंही आहे. तो घरून काय खाऊन येतो? चहा-बटर खाऊन आलेलं लेकरू साडेदहाला ढेपाळतं.

झोपेचं विचारा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की तीन-चार वर्षांच्या लेकराला दुपारची धरून १० ते १३ तास झोप हवी, आणि पडद्यासमोर दिवसाला एक तासाच्या वर नको, कमी असलं तर आणखी बरं. आजीपाशी राहिलेल्या लेकराच्या हाती रात्री मोबाइल असतो, हे मी घरोघर पाहिलंय. म्हातारीला दोष देऊ नका. दिवसभर शेण-पाणी करून तिचे गुडघे दुखतात, लेकरू रडायला लागलं की ती मोबाइल देते, कारण दुसरं काही तिच्याकडं उरलेलं नसतं. तिला एवढंच सांगा की झोपायच्या आधीचा एक तास मोबाइल नको, त्याऐवजी आईचं लुगडं किंवा ओढणी त्याच्या उशाशी द्या. न धुतलेली. आईचा वास असलेलं कापड पोटाशी धरून झोपणारी लेकरं मी कितीतरी पाहिलीत.

कुणी म्हणेल, आईबाप गेलेली दहा लेकरं आहेत, चावतंय एकच. खरं आहे. लेकरं स्वभाव घेऊनच येतात. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या न्यूयॉर्कमधल्या डॉक्टर नवरा-बायकोनी १९५६ पासून मुलांच्या एका गटाला वर्षानुवर्षं पाहिलं. काही मुलं सहज रुळणारी होती, काही नव्या गोष्टीला हळूहळू सरावणारी, काही तीव्र; हसणंही मोठं, रडणंही मोठं. पण त्यांचा मला सगळ्यात कामाला आलेला मुद्दा वेगळाच आहे. स्वभाव एकटा काही बिघडवत नाही. त्या स्वभावाचा आणि भोवतालच्या अपेक्षांचा मेळ बसतो की नाही, त्यावर पुढचं ठरतं. तीव्र स्वभावाच्या लेकराला अंगण मोठं असेल, धावायला मिळत असेल तर तेच लेकरू पुढारी होतं. दहा बाय बाराच्या पत्र्याच्या खोलीत, मार्चच्या उन्हात, तीस लेकरांत बसवलं तर तेच गुंड ठरतं.

खोलीबद्दल म्हणूनच विचारते. सतरंजीवर मधोमध मोकळी जागा आहे, की लेकरांना एकमेकांना ओलांडून जावं लागतं? ठोकळ्यांचा एकच डबा आहे का? गाडी एक आणि हात सहा असतील तर भांडण होणारच. महागडी खेळणी नकोत. बाटल्यांची झाकणं, चिंचोके, कणसाची बुरखुंडं, नारळाच्या करवंट्या, ओली माती. एकाच तऱ्हेची भरपूर असली की निम्मी ओढाओढ मिटते. आणि रोजचा क्रम सारखा ठेवा. आधी गाणं, मग मुक्त खेळ, मग अंगण, मग हात धुणं, मग खाऊ. ज्याच्या घरी एका रात्रीत सगळं उलटंपालटं झालं, त्याला 'आता हे, मग ते' हे माहीत असण्याचा केवढा आधार असतो! तुम्ही एखाद्या दिवशी बैठकीला जाणार असाल तर त्याला आदल्या दिवशी सांगा. सांगून गेलेलं माणूस परत येतं, हे त्याला कुणीतरी दाखवायला हवंय.

भाषेचं एक सांगते, तुमच्या गावाला तांडा लागून असेल तर. एका अंगणवाडीत तांड्यावरची तीन लेकरं 'मारकुटी' म्हणून प्रसिद्ध होती. मी जाऊन अर्धा तास नुसती बसले. एका मुलीला पाटी हवी होती. ती गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, मागत होती, समोरच्या मुलाला कळत नव्हतं. तिनं दुसऱ्यांदा मागितली, तिसऱ्यांदा मागितली, चौथ्यांदा हिसकली आणि ढकललं. सेविकेनं मान वर केली ती नेमकी ढकलताना. पहिल्या तीन वेळा तिनं किती नीट मागितलं होतं, हे कुणी पाहिलंच नाही. त्या सेविकेनं मग तांड्यावरच्या एका मोठ्या मुलीकडून वीसेक शब्द शिकून घेतले: आई, पाणी, दे, दुखतंय, माझी पाळी. 'याडी कुठंय?', म्हणजे आई कुठंय, असं बाईनं विचारल्यावर त्या मुलीनं जो चेहरा केला, तो मला अजून दिसतो. २०२० चं शैक्षणिक धोरणही घरच्या भाषेपासून सुरुवात करा असंच म्हणतं. आपल्याकडं दखनी बोलणारी लेकरं आहेत, त्यांनाही हे लागू आहे.

आता प्रत्यक्ष चावण्याच्या वेळी काय करायचं. दीड-दोन वर्षांची लेकरं चावतातच, शब्द नसतात म्हणून. सव्वाचारला चावणं म्हणजे शब्द असूनही ते अपुरे पडताहेत. वहीवरून तुम्हाला वेळ कळली की त्या वेळेला त्याच्या हाताच्या अंतरावर राहा. दात लागायच्या आधीच मधे हात घालता आला पाहिजे. तरी चावलाच तर आधी ज्याला चावला त्याच्याकडं जा. धुवा, जवळ घ्या. सगळ्यांच्या नजरा चावणाऱ्यावर गेल्या तर त्याला एक गोष्ट शिकायला मिळते की चावलं की बाई धावत येतात. मग याच्याकडं वळा, खाली बसा, डोळ्यांच्या उंचीवर. चार शब्द. 'चावायचं नाही. त्याला लागलं.' थोड्या वेळानं, तो निवल्यावर: 'तुला गाडी पाहिजे होती. दे म्हण, नाहीतर मला बोलाव.' आणि तसं म्हणायला लावून गाडी मिळवून द्या, म्हणजे बोलल्यावर मिळतं हे त्याला दिसेल. भाषण देऊ नका. रडणाऱ्या लेकराच्या कानात भाषण शिरत नाही.

गावात सांगतील, उलट तुम्ही त्याला चावा म्हणजे कळेल. तोंडाला मिरची लावा. यातलं काहीही करायचं नाही. त्यातून त्याला एवढंच कळतं की मोठं झालं की चावता येतं. कोपऱ्यात उभं करणंही नको. आधीच एकटा पडलेल्या लेकराला आणखी एकटं करून आपण काय शिकवणार? त्याला शांत जागा हवी असेल तर तुमच्या शेजारी द्या, गोधडीची घडी, हातात मातीचा गोळा. दोन मिनिटं तुम्हीही काही न बोलता बसा. ज्याला चावला त्याच्या आईला तुम्ही स्वतः संध्याकाळच्या आत भेटा. 'माझ्या नजरेतून सुटलं, मी आता जवळ राहते' असं सांगा. कोण चावलं ते तिला कळेलच, पण तुमच्या तोंडून त्या लेकराला नाव पडता कामा नये. एकदा 'चावऱ्या' नाव पडलं की ते पहिलीच्या वर्गापर्यंत त्याच्यासोबत जातं.

आणि खेळ नीट बघा, कारण बोलता येत नाही ते लेकरू खेळून सांगतं. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्री नंतरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्या वेळी मी नवी होते. भूकंपानंतर काही महिने पत्र्याच्या शेडमधल्या बालवाडीत लेकरं ठोकळ्यांचं घर बांधायची आणि पाडायची. पुन्हा बांधायची, पुन्हा पाडायची. दिवस दिवस तेच. दार बंद केलं की किंचाळायची, सतरंजीवर दारापाशीच जागा धरायची. सुरुवातीला आम्ही म्हणायचो, दुसरं काहीतरी खेळा रे. मग कळलं की तेच खेळू द्यायचं, शेजारी बसायचं, आणि विचारलं तरच बोलायचं. हळूहळू घरं उभी राहायला लागली, मग घरात बाहुली आली. तुमच्या मुलाला एक बाहुली, एक फडकं, एक खेळण्यातला ट्रक द्या आणि बघत बसा. ऊसतोडीच्या घरातलं एक लेकरू मी पाहिलं होतं. ते बाहुलीला फडक्यात गुंडाळून ट्रकमध्ये ठेवायचं, ट्रक भिंतीपर्यंत न्यायचं, आणि मग पळत येऊन फडक्यासकट बाहुली उचलून घ्यायचं. दिवसातून वीसवेळा. त्याला थांबवू नका.

आजीकडं मात्र स्वतः जा. 'अंगणवाडी' हा शब्द आला तोच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामातून, बालवाडीत न येणाऱ्या लेकरांच्या अंगणात बालवाडी नेली म्हणून. तुम्ही तिच्या अंगणात बसलात की ती 'बापावर गेलाय' याच्या पुढचं बोलेल. त्या वाक्यामागं भीती असते. कदाचित बाप पितो, कदाचित त्या घरात याच्या डोळ्यांदेखत मारहाण झालीय, आणि जे लेकरू पाहतं तेच त्याच्या हातात येतं. विचारू नका, बसा, ऐका. तसं काही निघालं तर ते गावभर जाणार नाही याची काळजी घ्या आणि तुमच्या मुख्यसेविकेशी बोला. मदतनीस ताईंशीही बोला, पण लेकरांसमोर नको. त्यांचा आवाज चढतो तेव्हा वीस लेकरांचा चढतो. सकाळी मोबाइलवर नोंदी भरायच्या, वजनं घ्यायची, आहार शिजवायचा, वर बैठक. तुमच्या दोघींच्या अंगावर किती असतं ते मी भोगलंय. ज्या दिवशी तुमचंच डोकं तापलेलं असेल त्या दिवशी लेकरं जास्त भांडतील. त्या दिवशी शिकवणं सोडा, सगळ्यांना अंगणात काढा, पाणी-माती द्या.

सगळं करून सहा-आठ आठवड्यांत वहीतल्या नोंदी कमी झाल्या नाहीत तर तपासणी हवी. हाक मारली तर वळून बघतो का, आधी बोलायचा ते शब्द गेले का, लुटूपुटीचं खेळतो का, नजर देतो का, एवढं लिहून ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, पण त्याची वाट बघत बसू नका, आरोग्य सेविकेला आधी सांगा. गरज असेल तर ते जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतील. कानाची तपासणी मात्र आत्ताच करून घ्या. त्यासाठी थांबायचं कारण नाही.

आणि पाडव्याच्या सुमाराला टोळी परत येईल तेव्हाची तयारी आतापासून ठेवा. त्या वेळी लोकांना वाटतं, आली आई, संपला त्रास. तसं होत नाही. आई आल्यावर पहिले आठ-पंधरा दिवस तो आणखी बिघडेल. कदाचित तिच्याकडं जाणारच नाही, आजीच्या पदरामागं लपेल, आणि मग एकाएकी तिला मारेल, चावेल, रात्री चड्डी ओली करेल. पाच महिने ऊस तोडून आलेल्या बाईला लेकरानं तोंड फिरवलं की ती मोडून जाते. म्हणून ती गावात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिच्या घरी जा. तिला सांगा की तो विसरला नाही, तो रागावलाय, आणि तिच्यावरच रागावू शकतो कारण ती त्याची आहे. भिंतीवरच्या साखळीतल्या उरलेल्या कड्या तिच्यासमोर त्याला स्वतःच्या हातानं काढू द्या. आणि पुढच्या दिवाळीला निघताना त्याला उठवून, सांगून, रडू देऊन मगच गाडीत बसायचं, हे तिच्याकडून तेव्हाच कबूल करून घ्या.